उलव्यात वाचलेलं पाणी

"तू कंपनीत नेमकं करतेस काय?" असं क्रांती खिल्लारेला कोणी विचारलं, की ती सांगायची, "मोजते." विचारणारा मग विटा, सळई, सिमेंटच्या गोण्या अशी नावं घ्यायचा आणि ती नाही-नाही म्हणत राहायची. शेवटी म्हणायची, "कंपनी किती नीट वागते, ते मोजते." यावर बहुतेक लोक हसायचे. कामोठ्यातल्या तिच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर एकदा म्हणाले, "बिल्डरची कंपनी ना? मग पाच मिनिटांचं काम. उरलेला दिवस काय करता?"

काम पाच मिनिटांचं नव्हतं. शिलाधार कन्स्ट्रक्शन ही तुर्भ्यात ऑफिस असलेली मध्यम कंपनी. नवी मुंबईत तिच्या चार साइटी चालू होत्या. वडिलांनी उभी केलेली ही कंपनी आता चारुलता ओगले चालवत होत्या; त्यांचे भाऊ संचालक होते. मोठी कामं देणारे लोक अलीकडे नुसता नफा बघत नव्हते. मजुरांना कसं वागवता, पाणी किती वापरता, डिझेल किती जाळता, राडारोडा कुठे टाकता, माल पुरवणाऱ्यांचे पैसे वेळेवर देता का, दहा वर्षांनी तुम्ही बाजारात असाल का, असं सगळं विचारत होते. बाहेरची एक संस्था येऊन हे तपासायची आणि शंभरपैकी मार्क द्यायची. साठच्या वर गेलं तर मोठ्या कामांचं दार उघडायचं. त्यासाठी चारुलता मॅडमनी एक नवं पद काढलं, एका वर्षाच्या कराराने, आणि त्यावर क्रांतीला घेतलं. मार्क आले तर पद पक्कं होणार होतं.

घरात या पदाचं फार कौतुक होतं. क्रांतीची आई चांगुणाबाई हिंगोलीकडून लग्न होऊन आली ती थेट तुर्भ्याच्या वस्तीत. वडील ज्योतिबा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. चांगुणाबाईंनी वाशीपासून नेरूळपर्यंत कितीतरी इमारतींवर घमेली वाहिली. क्रांतीला डिप्लोमानंतर पहिली नोकरी लागली, त्या आठवड्यात तिने आईला साइटवर जायचं बंद करायला लावलं. पुढे नोकरी सांभाळून तिने डिग्री केली, कामोठ्यात वन बीएचके घेतला. चांगुणाबाई शेजारणींना सांगायच्या, "पोरगी हापिसात बसती. थंडगार मशीन हाय डोक्यावर. स्वेटर नेती, बाई, स्वेटर."

क्रांती मात्र त्या थंडगार मशीनखाली फारशी बसायची नाही. कागदावर लिहिलेलं आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. खारघरच्या साइटने बायकांसाठी चार संडास असल्याचं कळवलं होतं. क्रांती गेली, तर एकात सिमेंटच्या गोण्या रचलेल्या, एकाला साहेबांचं कुलूप आणि एकाला आतून कडीच नाही. तिने तक्त्यात एक लिहिला. तिथले इन्चार्ज चिडले. कडी नसली तरी संडास तो संडासच ना, असं त्यांचं म्हणणं. क्रांती म्हणाली, "तुम्ही आठवडाभर बिनकडीचा वापरा, मग दोन लिहिते." दुसऱ्या दिवशी कडी बसली आणि गोण्याही हलल्या. खडीवाल्याचे पैसे किती उशिरा देतो यावरही मार्क असतात, हे कळल्यावर हिशेबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

आपण मोजलं की काहीतरी सुधारतं, हे क्रांतीने असं दोन-चारदा अनुभवलं. त्यातून तिला पाटीची कल्पना सुचली. प्रत्येक साइटच्या गेटवर एक पाटी लावायची. बांधकामाच्या दर चौरस मीटरला त्या महिन्यात किती पाणी लागलं, ते त्यावर लिहायचं. कमी असेल तर हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, जास्त असेल तर लाल. मॅडमना कल्पना आवडली. साइटीही चढाओढीला लागल्या. लाल पाटीवाल्यांना हिरवी पाटीवाले फोन करून विचारायचे, काय रे, पोहताय की काय तिकडे?

उलव्याची साइट सुरुवातीला लाल होती. थंडीत ती पिवळी झाली, मग हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. चार साइटींत सर्वांत कमी पाणी उलव्याचं. मार्चमध्ये क्रांतीने सगळी बेरीज मांडून पाहिली, तेव्हा कंपनी साठच्या थोडी पुढे जात होती, आणि तो थोडा पुढचा भाग उलव्याच्या पाण्याने दिला होता. मॅडमनी मीटिंगमध्ये तो आलेख सगळ्यांना दाखवला. "ही आपली क्रांती," असं म्हणाल्या. क्रांती लाजून पाणी प्यायली.

अहवालात टाकायला पाटीचा फोटो हवा, म्हणून ती उलव्याला गेली. ऊन तापलं होतं. गेटवर बाजीराव तिची वाटच बघत होते. बाजीराव म्हणजे पाणी मारणाऱ्या टोळीचे मुकादम. काँक्रीट ओतलं की ते काही दिवस ओलं ठेवावं लागतं. कॉलमला जुनी गोणपाटं गुंडाळून ती भिजवत राहायची, स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करायचे आणि त्यात पाणी साठवायचं. साइटवर सगळे त्याला पाणी मारणं म्हणतात. काँक्रीट तहानलेलं राहिलं तरी दिसायला तसंच दिसतं, पण आतून कमी ताकदीचं होतं, आणि ते कळतं पुष्कळ वर्षांनी, आत राहणाऱ्यांना.

बाजीराव जत तालुक्यातले. टोपी नीट करून ते पाटीशेजारी ताठ उभे राहिले. क्रांतीने दोन फोटो काढले. मग तिला वाटलं, पाण्याने भरलेल्या वाफ्यांचाही एक फोटो छान येईल. बाजीराव म्हणाले, वर ऊन हाय ताई, कशाला जाताय. ती जिने चढून गेलीच.

सातव्या मजल्यावर वाफे होते. बांध अगदी रेखीव घातलेले. आत पाणी नव्हतं. तळाला धुळीचा पापुद्रा सुटून वर आला होता. क्रांती कॉलमजवळ गेली. कॉलम भरल्याची तारीख लाल रंगात लिहिलेली असते, ती तिने वाचली. कॉलम चार दिवसांचा होता. तिने गोणपाटावर तळवा टेकला. गोणपाट कोरडं होतं, कुरकुरीत. तिने ते वर उचललं. आतला काँक्रीटचा पृष्ठभाग गरम लागला आणि त्यावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसलं. तिने दुसरा कॉलम पाहिला. मग तिसरा. मग ती सहाव्या मजल्यावर उतरली आणि तिथलेही पाहिले.

बाजीराव मागोमाग आले होते. पाणी किती दिवस मारता, असं तिने विचारलं. तीन दिवस, सकाळी एकदा, असं त्यांनी सांगितलं. आणि आधी? आधी दहा-बारा दिवस, दिवसातून तीन-चार वेळा.

"मग कमी का केलंत, बाजीरावकाका?"

बाजीरावांना प्रश्नच कळला नाही. "आवं ताई, तुमच्यासाटनं," ते म्हणाले. "तुमी पाटी लावली, तवा आमची लाल हुती. मला लाज वाटली बगा. आमच्या गावाकडं टँकर यायचा, तवा बाया रातीपासनं रांगंत. हितं मी त्येच पानी दगडावर वतायचो. जल्मभर वतलं. कुनी इचारलं न्हाई, बाजीराव, किती वतलंस? तुमी पयल्यांदा इचारलंत." मग ते म्हणाले, "म्हटलं, ताईची पाटी हिरवी ठिवायची."

क्रांती विटांच्या थप्पीवर बसली. तिला रागवायचं होतं, पण राग कुणावर धरायचा ते सापडेना. हा माणूस जिथून आला होता, तिथे पाणी राखणं हेच पुण्य. त्याला तिने पाणी कमी करा एवढंच सांगितलं होतं. कुठलं कमी करा, ते सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, गळके नळ दुरुस्त होतील, टाक्या वाहून जाणं थांबेल, गाड्या धुणं कमी होईल. ती स्वतः सिव्हिल इंजिनिअर. पाणी मारायच्या दिवसांचा तक्ता तिला झोपेत विचारला तरी आला असता. पण महिन्यामागून महिना तो हिरवा आकडा ऑफिसात येत राहिला आणि एवढा कसा उतरला, हे बघायला ती जिने चढली नव्हती. संडास उघडून पाहणारी बाई आपल्या आवडत्या आकड्याजवळ मात्र थांबली होती.

तिने बाजीरावांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता सगळ्या टोळीला बोलवा, पाचव्या मजल्यापासून वरचं सगळं भिजवा, आणि मी सांगेपर्यंत सुकू देऊ नका.

"पाटी लाल हुईल, ताई."

"होऊ दे. काका, हे काँक्रीट कच्चं राहिलंय. यात माणसं राहायला येणार आहेत."

बाजीरावांनी जवळच्या कॉलमवरून हात फिरवला, घाईघाईने, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा, आणि खाली हाका मारत निघाले.

साइट इंजिनिअर प्रसाद पत्र्याच्या केबिनमध्ये जेवत होता. वयाने क्रांतीएवढाच. तिचं ऐकताना त्याचा घास हातातच राहिला. टँकर कमी लागतायत हे त्याला माहीत होतं. "मला वाटलं, तू यांना काहीतरी नवीन टेक्निक शिकवलंस," तो म्हणाला. क्रांतीला वाटलं होतं, प्रसादने शिकवलं असेल.

मग प्रसादने डबा बाजूला सारला आणि सावकाश, समजावून सांगितलं. पाणी आजपासून सुरू करू. टेस्टिंगही गुपचूप करून घेऊ. पण अहवाल जाऊ दे. "तू काही खोटं लिहीत नाहीयेस, यार. मीटर खरा आहे. आकडा खरा आहे. टेन्शन कशाला घेतेस?"

क्रांतीला वडिलांच्या मार्केटातलं बोलणं आठवलं. तिथे म्हणतात, काटा खरा असला तरी कांदा ओला असतो. ती म्हणाली, "आकडा खरा आहे, प्रसाद. पण आपण त्याच्या वर लिहिलंय, वाचवलेलं पाणी. वाचलेलं नाहीये ते. कॉलमला कमी पडलेलं आहे."

"तुझं पद जाईल."

"माहितीये."

"बाजीरावचंही जाईल मग," प्रसाद म्हणाला. हा वार बरोबर बसला. क्रांती हेल्मेट उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चारुलता मॅडमच्या केबिनबाहेर उभी होती. मॅडम आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, कोणते मजले, किती कॉलम, कच्चे आहेत हे नक्की की भीती. क्रांतीने सांगितलं की चाचणी झाल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण रेघा तिने स्वतः पाहिल्यात. मॅडमनी लगेच लॅबला फोन लावला आणि वरचं काम थांबवलं. तिथपर्यंत सगळं सोपं होतं.

"पाणी कमी कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"पाटीने," क्रांती म्हणाली. "पाटी माझी. मुकादमांनी सांगितलेलं केलं. उलट सांगितल्यापेक्षा मनापासून केलं. त्यांना काढलंत, तर पुढचा मुकादम कुठलीच गोष्ट मनापासून करणार नाही."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी अहवालाचं विचारलं. नियमात एक पळवाट होती, त्यांना ती माहीत होती. काम थांबलेली साइट त्या वर्षाच्या हिशेबातून वगळता येत होती. उलवे वगळलं तरी कंपनी साठच्या आसपास, काठावर राहिली असती. त्यांनी ते क्रांतीला बोलून दाखवलं आणि उत्तराची वाट पाहिली.

वगळलं असतं, तर कदाचित पद राहिलं असतं. आईचं कौतुक राहिलं असतं. तिने टेबलावरचा तक्ता पुढे ओढला. त्यात तीन भाग होते. माणसं, पर्यावरण आणि पैसा. वर्षभर ती ते तीन भाग वेगवेगळे भरत आली होती.

"मॅडम, त्या कॉलमचं जे व्हायचं ते या तिन्ही भागांत होणार आहे," ती म्हणाली. "फोडून मजबूत करायचे, तर पुन्हा सिमेंट, पुन्हा सळई, पुन्हा पाणी. खर्च तुमचा. आणि नाही केले, तर राहायला येणाऱ्या माणसांचा. हे सोडून मी बाकीचं मोजलं, तर मग मी वर्षभर केलं काय?"

"आपण मार्क मागायला चाललोय, क्रांती. आणि आपणच सांगायचं, की आमचे कापा?"

"हो, मॅडम."

"तुझं पद त्याच मार्कांवर आहे, हे तुला आठवतंय ना?"

"आठवतंय."

मॅडमनी तक्ता आपल्याकडे वळवून पाण्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "लिही. पण सोप्या भाषेत लिही. माझ्या भावांनाही कळलं पाहिजे, मार्क का गेले ते."

लॅबची माणसं आली. त्यांनी कॉलमवर हातोड्यासारखं यंत्र ठोकून पाहिलं, काही ठिकाणी काँक्रीटचे नळकांड्यासारखे तुकडे कापून नेले. ते दिवस बाजीरावांनी टोळी दिवसभर हलू दिली नाही. स्वतः पाइप धरून ते मजल्यामागून मजला भिजवत राहिले. क्रांतीशी मात्र बोलायचे नाहीत. एकदा तिने हाक मारली, तेव्हा म्हणाले, गावी जावं म्हनतो. तिने विचारलं, हे मजले अर्धे टाकून? त्यावर त्यांनी पाइप दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि पुढच्या कॉलमकडे वळले. ते गेले नाहीत.

निकाल वाटला होता तेवढा वाईट नव्हता. बहुतेक कॉलम पुरेसे निघाले, कारण थंडीच्या दिवसांनी त्यांना सांभाळून घेतलं होतं. ऊन वाढल्यावर भरलेले सहाव्या-सातव्या मजल्यावरचे काही मात्र कमी ताकदीचे निघाले. त्यांच्याभोवती नव्या सळया बांधून काँक्रीटचं जॅकेट चढवावं लागणार होतं. क्रांतीने हे सगळं अहवालात एका पानावर लिहिलं. पाणी कमी का झालं, कसं झालं, चूक कुठे झाली, दुरुस्ती काय. बाजीरावांचं नाव लिहिलं नाही. पाटी कोणाच्या सांगण्यावरून लागली, ते लिहिलं. पाण्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने शून्य मार्क मागितले.

तपासणीला आलेल्या बाई ते पान दोनदा वाचून म्हणाल्या, असं कोणी लिहून देत नाही. क्रांतीला वाटलं, आता मार्क वाढतील. वाढले नाहीत. कंपनीला छप्पन्न मिळाले.

एप्रिलमध्ये संचालकांची बैठक झाली आणि ते पद बंद करायचं ठरलं. मॅडमनी तिला बोलावून ते स्वतः सांगितलं. त्यांच्या भावांपुढे त्यांचं चाललं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, उलव्याला क्वालिटी बघणारा इंजिनिअर हवाय, रोज साइटवर उभं राहावं लागेल. पगार जवळपास तेवढाच. आणि पुढच्या वर्षीचा तक्ता भरायचा झाला तर तो तूच भरायचास, कारण पद गेलं तरी प्रश्न विचारणारे यायचे थांबणार नाहीत. क्रांतीने हो म्हणायला वेळ लावला नाही. आईला सांगायला मात्र दोन दिवस लावले.

चांगुणाबाई भाकरी थापत होत्या. ऐकून त्यांचा हात थांबला नाही, फक्त थापण्याचा आवाज वाढला. "म्हंजे नापास झालीस," त्या म्हणाल्या.

"कंपनी नापास झाली, आई."

"आन् शिक्षा तुला." भाकरी तव्यावर पडली. "मी साइट सोडली, तवा तुह्या बापाला म्हनले व्हते, आता आपल्या घरातलं कुनी उन्हात उभं ऱ्हानार न्हाई."

"मी घमेलं उचलायला नाही चालले गं. नीट होतंय का ते बघायला चाललेय."

"बघनाराला ऊन लागत नसतंय व्हय?"

क्रांतीने आपलं ताट मांडलं. ती पाटावर बसून राहिली. चांगुणाबाईंनी भाकरीवर पाण्याचा हात फिरवला, ती उलटली, आणि तव्याकडे बघतच विचारलं, "ते कालम पडले असते का?"

"लगेच नाही. वीस-पंचवीस वर्षांनी वाकले असते, फुगले असते. कदाचित काही झालंही नसतं."

"मंग तुला सांगायची काय गरज पडली?"

"मला माहीत होतं ना, आई."

चांगुणाबाईंनी लेकीकडे पाहिलं. नेरूळच्या एका इमारतीकडे त्या आजही रिक्षातून जाताना बोट दाखवायच्या, ही माझी म्हणून. त्यांनी गरम भाकरी क्रांतीच्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "खा. भाकर निवाली तर परत गरम करून देनार न्हाई."

पहिल्या दिवशी क्रांती लवकर निघाली. सहाव्या मजल्यावरच्या कॉलमचं जॅकेट सकाळीच भरणार होते. बाजीरावांनी आदल्या दिवशी प्रसादकडून निरोप पाठवला होता की गोणपाटावरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर ओल टिकते असं कोणीतरी सांगितलंय, ते खरं का, ताईला विचारा. खरं होतं. क्रांतीने कामोठ्याच्या नाक्यावरच्या दुकानातून प्लास्टिकचा एक मोठा रोल घेतला, स्कूटीच्या पायाशी उभा बांधला आणि उलव्याच्या रस्त्याला लागली.